उम्रीगर, पहलन रतनजी

(२८ मार्च १९२६–७ नोव्हेंबर २००६). विख्यात भारतीय क्रिकेटपटू. उजव्या हाताचे फलंदाज, मध्यमगती व ऑफस्पिन गोलंदाज, निष्णात क्षेत्ररक्षक आणि भारतीय संघाचे एक कर्णधार. क्रिकेटच्या जगात ते ‘पॉली’ उम्रीगर या नावाने ओळखले जात. १९४८ ते १९६२ या काळात ते भारताकडून ५९ कसोटी सामने खेळले. निवृत्तीच्या वेळी सर्वाधिक कसोटी सामने, सर्वाधिक धावा (३,६३१) व सर्वाधिक शतके (१२) हे तिन्ही भारतीय उच्चांक त्यांच्या नावावर होते. कसोटी क्रिकेटमधील पहिले भारतीय द्विशतकही त्यांचेच. तथापि त्यांच्या कारकीर्दीचे महत्त्व केवळ या आकड्यांत नाही. पराभव टाळण्यातच समाधान मानणाऱ्या संघाचे रूपांतर विजयाची आकांक्षा धरणाऱ्या संघात होण्याच्या काळात भारतीय फलंदाजीचा भार त्यांनी सातत्याने वाहिला. खेळाडू म्हणून निवृत्त झाल्यावरही संघव्यवस्थापनापासून खेळपट्टीच्या निगराणीपर्यंत क्रिकेटमधील जवळजवळ प्रत्येक काम त्यांनी केले.

पूर्ववृत्त व जडणघडण : त्यांचा जन्म सोलापूर येथे एका पारशी कुटुंबात झाला. वडिलांचा कपड्यांचा व्यवसाय होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सोलापूर हे कापडगिरण्यांचे शहर म्हणून प्रसिद्धीस आले आणि मराठी, कन्नड व तेलुगू भाषकांप्रमाणेच व्यापार-उद्योगाच्या निमित्ताने इतरही समाजांची कुटुंबे तेथे वस्तीस आली. उम्रीगर यांचे बालपण सोलापुरात गेले. ते शाळेत असतानाच कुटुंब मुंबईस आले. या स्थलांतराचा त्यांच्या खेळाच्या दृष्टीने मोठा परिणाम झाला. सोलापूर हे रणजी करंडकाच्या विभागणीत महाराष्ट्र संघाच्या क्षेत्रात मोडते, तर मुंबईचा संघ स्वतंत्र आहे. त्यामुळे जन्माने सोलापूरकर असलेला हा खेळाडू मुंबईच्या मैदानांवर घडला आणि मुंबईचाच म्हणून ओळखला गेला.

मुंबईतील पारशी समाजाची क्रिकेटपरंपरा भारतात सर्वांत जुनी होय. १८४८ मध्ये पारशी तरुणांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब स्थापन केला आणि १८८६ मध्ये पारशांचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. याच परंपरेत उम्रीगर यांनी वयाच्या अठराव्या वर्षी, १९४४ मध्ये, मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत पारशी संघाकडून प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये पदार्पण केले. हिंदू, मुसलमान, पारशी, यूरोपीय व ‘इतर’ अशा पाच संघांचे हे सामने लोकप्रिय असले, तरी धर्म व जमात यांवर संघ उभारण्याच्या पद्धतीला वाढता विरोध होता. १९४५-४६ च्या हंगामानंतर ते बंद पडले. जमातवार क्रिकेटचा शेवट आणि स्वतंत्र भारताच्या क्रिकेटचा आरंभ या दोहोंच्या सीमेवर उम्रीगर यांचा उदय झाला. पुढे रणजी करंडकात ते मुंबईकडून व काही काळ गुजरातकडून खेळले.

मुंबईच्या सेंट झेव्हियर्स महाविद्यालयात ते विज्ञान शाखेचे विद्यार्थी होते. मुंबई विद्यापीठाच्या संघाचे नेतृत्वही त्यांनी केले. त्या काळी विद्यापीठीय क्रिकेट हे कसोटी संघाचे एक प्रमुख प्रवेशद्वार होते. ऑक्टोबर १९४८ मध्ये भारतात आलेल्या वेस्ट इंडीज संघाविरुद्ध संयुक्त विद्यापीठ संघाकडून त्यांनी नाबाद ११५ धावा काढल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर त्यांनी कसोटी पदार्पण केले.

खेळाची वैशिष्ट्ये : उंच, रुंद खांद्यांची व बळकट शरीरयष्टी लाभलेले उम्रीगर हे आक्रमक वृत्तीचे फलंदाज होते. पुढे सरसावून मारलेले ड्राइव्ह, तसेच आखूड टप्प्याच्या चेंडूवरील हूक व पुल हे त्यांचे खास फटके. विजय मर्चंट यांची तंत्रशुद्ध नजाकत किंवा मुश्ताक अली यांची मनस्वी शैली त्यांच्यापाशी नव्हती. शक्ती, धैर्य व दीर्घकाळ टिकून राहण्याची चिकाटी यांवर त्यांची फलंदाजी आधारलेली होती. गोलंदाज म्हणून ते प्रसंगी नवा चेंडू हाताळीत आणि गरजेप्रमाणे ऑफस्पिनही टाकीत. तेज गोलंदाजांचा तुटवडा असलेल्या भारतीय संघाला अशा खेळाडूचा दुहेरी उपयोग होई. यष्टीच्या जवळचे क्षेत्ररक्षकही ते उत्तम होते.

पहिला विजय : भारताने पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये खेळला; परंतु पहिल्या विजयासाठी सुमारे वीस वर्षे वाट पाहावी लागली. हा विजय फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास (चेन्नई) येथे इंग्लंडविरुद्ध मिळाला. मालिकेतील आधीच्या सामन्यांत उम्रीगर यांना फारसे यश आले नव्हते आणि हेमू अधिकारी यांना दुखापत झाल्यामुळेच त्यांना या सामन्यात स्थान मिळाले. सातव्या क्रमांकावर येऊन त्यांनी नाबाद १३० धावा केल्या. हे त्यांचे पहिले कसोटी शतक. पंकज रॉय यांच्या १११ धावा आणि विनू मंकड यांचे सामन्यातील बारा बळी यांच्या जोडीने या खेळीमुळे भारताने एक डाव व ८ धावांनी सामना जिंकला. संघाबाहेर राहण्याच्या बेतात असलेला हा फलंदाज या सामन्यानंतर दहा वर्षे संघाचा आधारस्तंभ ठरला.

१९५२ चा इंग्लंड दौरा : या दौऱ्यात त्यांच्या खेळातील सामर्थ्य व उणीव ही दोन्ही एकाच वेळी उघड झाली. दौऱ्यातील सर्व सामने धरून त्यांनी १,६८८ धावा केल्या. ऑक्सफर्ड विद्यापीठ, लँकाशर व केंट यांच्याविरुद्ध द्विशतके झळकाविली. उलट कसोटी सामन्यांतील सात डावांत त्यांच्या एकूण धावा अवघ्या ४३ होत्या. फ्रेड ट्रूमन या तरुण तेज गोलंदाजाने त्या मालिकेत २९ बळी घेतले आणि उम्रीगर यांना चार वेळा बाद केले. वेगवान चेंडूपुढे ते लेगच्या बाजूला सरकतात, अशी टीका झाली.

या अपयशाला वैयक्तिक दोषाइतकेच भारतीय क्रिकेटमधील परिस्थितीही कारण होती. महंमद निसार व अमरसिंग यांच्या पिढीनंतर भारतात खऱ्या अर्थाने तेज म्हणावा असा गोलंदाज राहिला नव्हता. देशातील खेळपट्ट्या संथ असत आणि त्यांवर चेंडू छातीपर्यंत क्वचितच उसळे. त्यामुळे भारतीय फलंदाजाला अतिवेगवान गोलंदाजीचा पहिला अनुभव परदेशातील कसोटी सामन्यातच येई. सरावावाचून द्यावयाच्या या परीक्षेत त्या वर्षी जवळजवळ संपूर्ण संघच अनुत्तीर्ण झाला. पुढील काळात उम्रीगर यांनी तेज गोलंदाजांविरुद्ध केलेल्या धावांचे मोल या पार्श्वभूमीवर जाणवते.

उत्कर्षाचा काळ : १९५२-५३ मध्ये पाकिस्तानविरुद्ध मुंबईस शतक (१०२) काढल्यानंतर त्याच हंगामात ते वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेले. भारताचा हा त्या बेटांवरील पहिलाच दौरा होता. पोर्ट ऑफ स्पेन येथील पहिल्या सामन्यात १३० व ६९ आणि किंग्स्टन येथील अखेरच्या सामन्यात ११७ धावा काढून त्यांनी मालिकेत ६२·२२ च्या सरासरीने एकूण ५६० धावा केल्या. १९५४-५५ च्या पाकिस्तान दौऱ्यात पेशावर येथे १०८ धावा काढल्या, तर बहावलपूर येथे ७४ धावांत ६ गडी बाद केले.

नोव्हेंबर १९५५ मध्ये हैदराबाद येथे न्यूझीलंडविरुद्धच्या पहिल्या कसोटीत त्यांनी २२३ धावा केल्या. भारतीय फलंदाजाचे हे पहिले कसोटी द्विशतक. त्याच डावात विजय मांजरेकर (११८) व कृपालसिंग (नाबाद १००) यांचीही शतके झाली आणि भारताने ४ बाद ४९८ वर डाव सोडला. पुढच्याच कसोटीत विनू मंकड यांनी तितक्याच, म्हणजे २२३, धावा करून त्यांची बरोबरी केली व मद्रास येथे २३१ धावा काढून हा उच्चांक मागे टाकला.

कर्णधारपद : या मालिकेच्या दुसऱ्या सामन्यापासून गुलाम अहमद यांच्या जागी उम्रीगर कर्णधार झाले. मुंबई व मद्रास येथील सामने डावाने जिंकून भारताने मालिका २–० अशी जिंकली. १९५६-५७ मध्ये भारतात आलेल्या ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या तीन सामन्यांतही तेच कर्णधार होते. त्यांपैकी दोन सामने भारताने गमावले व एक अनिर्णित राहिला. १९५८-५९ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या मुंबई कसोटीत त्यांनी पुन्हा नेतृत्व केले. एकूण आठ सामन्यांत दोन विजय, दोन पराभव व चार अनिर्णित असा त्यांच्या नेतृत्वाचा हिशेब आहे.

याच मालिकेत त्यांच्या कर्णधारपदाचा अनपेक्षित शेवट झाला. मुंबईच्या सामन्यानंतर गुलाम अहमद कर्णधार झाले. कानपूर व कलकत्ता येथे भारताचा पराभव झाल्यावर तेही बाजूला झाले आणि मद्रासच्या चौथ्या सामन्यासाठी उम्रीगर यांची नेमणूक झाली. सामन्यापूर्वी मांजरेकर खेळू शकणार नाहीत असे दिसताच त्यांच्या जागी कोणाला घ्यावे, यावरून मतभेद निर्माण झाला. मनोहर हर्डीकर या फलंदाजाचा समावेश करावा, असे उम्रीगर यांचे म्हणणे होते. नियामक मंडळाचे अध्यक्ष रतिभाई पटेल यांनी जसू पटेल या ऑफस्पिन गोलंदाजाचा आग्रह धरला. हा आग्रह मान्य न करता उम्रीगर यांनी सामन्याच्या आदल्या रात्री कर्णधारपदाचा राजीनामा दिला. मद्रासला मंकड यांनी, तर दिल्लीच्या अखेरच्या सामन्यात हेमू अधिकारी यांनी नेतृत्व केले. अशा प्रकारे पाच सामन्यांच्या एका मालिकेत भारताचे चार कर्णधार झाले.

हा वाद एका खेळाडूच्या निवडीपुरता नव्हता. मैदानावरील जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याला संघरचनेत कितपत अधिकार असावा, हा त्यातील मूळ प्रश्न होता. उम्रीगर यांनी आपले उत्तर पद सोडून दिले. मात्र त्यानंतर त्यांना भारताचे नेतृत्व पुन्हा कधीही मिळाले नाही. तरीही संघातील त्यांच्या कामगिरीत खंड पडला नाही. डिसेंबर १९५९ मध्ये कानपूर येथे भारताने ऑस्ट्रेलियावर पहिला कसोटी विजय मिळविला, तो प्रामुख्याने जसू पटेल यांच्या चौदा बळींमुळे. ऑस्ट्रेलियाच्या १०५ धावांच्या दुसऱ्या डावात पटेल यांनी ५ व उम्रीगर यांनी केवळ २७ धावांत ४ बळी घेतले. ज्याच्या निवडीवरून राजीनामा दिला, त्याच गोलंदाजाच्या जोडीने त्यांनी एक वर्षाच्या आत हा विजय साकार केला.

उत्तरार्ध : १९५९ च्या इंग्लंड दौऱ्यात केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध काढलेल्या नाबाद २५२ धावा ही त्यांची प्रथम श्रेणीतील सर्वोच्च खेळी. मँचेस्टरच्या कसोटीत त्यांनी ११८ धावा केल्या. समोर इंग्लंडच्या गोलंदाजांत ट्रूमनही होते. सात वर्षांपूर्वीच्या टीकेला हे समर्पक उत्तर होते. १९६०-६१ मध्ये पाकिस्तानविरुद्ध कानपूर, मद्रास व दिल्ली येथे त्यांनी अनुक्रमे ११५, ११७ व ११२ धावा केल्या. त्यांच्या बारा कसोटी शतकांपैकी पाच पाकिस्तानविरुद्धची आहेत. १९६१-६२ मध्ये कानपूर येथे इंग्लंडविरुद्ध त्यांनी नाबाद १४७ धावा केल्या व इंग्लंडला फॉलो-ऑन स्वीकारावा लागला; ती मालिका भारताने २–० अशी जिंकली.

त्यानंतरचा वेस्ट इंडीजचा दौरा हा त्यांचा अखेरचा. नरी काँट्रॅक्टर यांच्या नेतृत्वाखालील या संघात उम्रीगर, फरोख इंजिनिअर व रुसी सुरती यांसह चार पारशी खेळाडू होते. बार्बाडोसमधील सामन्यात चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू डोक्यावर आदळून काँट्रॅक्टर यांच्या कवटीला गंभीर इजा झाली. त्यांच्यासाठी रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल तसेच चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी व उम्रीगर यांचा समावेश होता. नेतृत्वाची धुरा एकवीस वर्षांच्या मन्सूर अली खान पतौडी यांच्याकडे गेली.

हादरलेल्या या संघाकडून पोर्ट ऑफ स्पेन येथील चौथ्या कसोटीत उम्रीगर यांनी आपल्या कारकीर्दीतील सर्वश्रेष्ठ अष्टपैलू कामगिरी केली. वेस्ट इंडीजच्या ९ बाद ४४४ या डावात त्यांनी ५६ षटके टाकून १०७ धावांत ५ गडी बाद केले. भारताच्या १९७ धावांच्या पहिल्या डावात त्यांनी ५६ धावा काढल्या. फॉलो-ऑननंतर वेस्ली हॉल, गॅरी सोबर्स व लान्स गिब्ज यांच्या माऱ्यापुढे त्यांनी नाबाद १७२ धावा केल्या. सलीम दुराणी यांनीही शतक (१०४) काढले व भारताचा डाव ४२२ पर्यंत गेला. वेस्ट इंडीजने सामना सात गडी राखून जिंकला आणि मालिकाही ५–० अशी जिंकली. परंतु तेज गोलंदाजीला भिणारा फलंदाज हा उम्रीगर यांच्यावरील शिक्का या खेळीने कायमचा पुसला गेला. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांनी या मालिकेनंतर कसोटी क्रिकेटमधून निवृत्ती पत्करली.

कारकीर्दीचा लेखाजोखा : कसोटी क्रिकेटमध्ये त्यांनी ४२·२२ च्या सरासरीने ३,६३१ धावा, ३५ बळी व ३३ झेल मिळविले. प्रथम श्रेणीच्या एकूण क्रिकेटमध्ये त्यांच्या नावावर ५२·२८ च्या सरासरीने १६,१५५ धावा, ४९ शतके व ३२५ बळी आहेत. १९५८-५९ पासून सलग पंधरा वेळा रणजी करंडक जिंकणाऱ्या मुंबईच्या विजयपरंपरेच्या आरंभकाळातील ते प्रमुख खेळाडू होते व मुंबईचे कर्णधारपदही त्यांनी भूषविले. त्यांचे कसोटी धावा व शतके यांचे भारतीय उच्चांक १९७० च्या दशकात सुनील गावसकर यांनी ओलांडले. तोपर्यंत भारतीय फलंदाजाच्या कर्तृत्वाचे माप उम्रीगर यांच्या आकड्यांनीच घेतले जाई.

खेळाबाहेरील कार्य : गोल्फच्या खेळात, विशेषतः अमेरिका व ब्रिटनमध्ये, क्लबचा पगारी व्यावसायिक खेळाडू ही एक प्रतिष्ठित संस्था आहे. सभासदांना खेळ शिकविणे, स्पर्धांची व्यवस्था पाहणे आणि स्वतःही स्पर्धांत उतरणे, अशी अनेक कामे तो करतो. इंग्लंडमधील लँकाशर लीगच्या क्रिकेट क्लबांतही असे व्यावसायिक असत. १९५२ मध्ये विनू मंकड हॅस्लिंग्डन क्लबशी अशाच करारान्वये बांधलेले असल्याने भारताला त्या दौऱ्यातील पहिल्या कसोटीत त्यांची उणीव भासली. त्या काळी भारतातील क्रिकेटपटूला केवळ खेळावर उदरनिर्वाह करता येत नसे. बहुतेकांना व्यापारी कंपन्या, बँका, रेल्वे किंवा संस्थानिक यांच्या आश्रयाने खेळावे लागे व खेळ संपल्यावर त्यांच्या अनुभवाचा उपयोग क्वचितच करून घेतला जाई. उम्रीगर यांची निवृत्तीनंतरची वाटचाल या दृष्टीने अपवादात्मक ठरते.

१९७५-७६ च्या न्यूझीलंड व वेस्ट इंडीज दौऱ्यात ते भारतीय संघाचे व्यवस्थापक होते. एप्रिल १९७६ मध्ये भारताने चौथ्या डावात ४ बाद ४०६ धावा करून वेस्ट इंडीजवर विख्यात विजय मिळविला, तो पोर्ट ऑफ स्पेनच्या त्याच मैदानावर, जेथे उम्रीगर यांनी दोन शतके काढली होती. १९७७-७८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातही हे पद त्यांच्याकडे होते. १९७८ ते १९८२ या काळात ते राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष होते. निवडीच्या प्रश्नावरून कर्णधारपद सोडलेला खेळाडू वीस वर्षांनी निवडीची अंतिम जबाबदारी सांभाळू लागला. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे कार्यकारी सचिव व मुंबई क्रिकेट संघटनेचे सचिव या नात्यांनीही त्यांनी काम केले. वानखेडे स्टेडियमच्या खेळपट्टीची देखभाल त्यांनी पाहिली आणि क्रिकेटच्या शिक्षणावर पुस्तकही लिहिले. कसोटी कर्णधाराने खेळपट्टीच्या मातीपर्यंत लक्ष घालावे, यात त्यांना कमीपणा वाटला नाही. मुंबईच्या क्रिकेटवर्तुळात तरुण खेळाडू त्यांना ‘पॉलीकाका’ म्हणत.

सन्मान : भारत सरकारने १९६२ मध्ये ‘पद्मश्री’ देऊन त्यांचा गौरव केला. नियामक मंडळाचा कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार त्यांना १९९८-९९ मध्ये मिळाला. मुंबई येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वर्षातील सर्वोत्कृष्ट भारतीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटूला नियामक मंडळातर्फे २००६-०७ पासून पॉली उम्रीगर पुरस्कार देण्यात येऊ लागला. त्याचे पहिले मानकरी सचिन तेंडुलकर होत.